मागच्या सीटचं माप

“भावोजींच्या गाडीवर पोटातलं पाणी हलत नाही,” बायको म्हणाली आणि काटेसाहेबांना चहाचा ठसका लागला.

वाक्य तसं साधं होतं. चपला काढता काढता, कुणाचं मन दुखवायचा कसलाही हेतू नसताना तिने ते म्हटलं होतं. त्या संध्याकाळी काटेसाहेबांना ऑफिसात उशीर होणार होता (शेवटी झाला नाही), म्हणून तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने तिला घरी सोडलं होतं. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि या भावोजींचं, म्हणजे काटेसाहेबांच्या साडूचं, चष्म्यांचं दुकान त्याच रस्त्यावर होतं. कुणीही मनावर घेऊ नये अशी ही गोष्ट होती. पण काटेसाहेबांनी ती मनावर घेतली, आणि एकदा मनावर घेतलेली गोष्ट खाली ठेवायची त्यांना सवय नव्हती.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतले तराजू आणि काटे तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा आणि खोटे असतील तर जप्त करायचे, हे त्यांचं काम. ते बाजारात शिरले की भाजीवाल्यांचे हात आपोआप सढळ व्हायचे. अशा माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोकडून, साडूपेक्षा कमी भरलोय असं ऐकावं लागावं, हे जड जाणारच.

शिवाय साडू या नात्यातच एक गोची आहे. भावाभावांची तुलना आई करते, पण पोरं मोठी झाली की ती थांबते. साडूंची तुलना सासुरवाडीला होते आणि ती कधीच थांबत नाही. या साडूचं सगळंच बरं होतं. डोक्यावरचे केस बरे होते. घरात ऊन बरं यायचं. सासूबाई हाताची खुर्ची त्यालाच द्यायच्या आणि काटेसाहेबांना म्हणायच्या, “तुम्ही घरचेच, बसा कुठेही.” हे सगळं काटेसाहेबांनी इतकी वर्षं गिळलं होतं. आता त्याने नवी मोटारसायकल घेतली होती.

“धरायला असतं का काही त्या गाडीला मागे?” त्यांनी पेपर चाळत, अगदी सहज विचारलं.

“असेल. धरावंच लागत नाही,” बायको म्हणाली.

हे उत्तर त्यांना दोन्हीकडून टोचलं. तिने साडूला धरलं नव्हतं, हे उत्तमच झालं. पण धरावं लागत नाही इतकी त्याची गाडी चांगली, हे फार वाईट झालं. त्यांच्या स्वतःच्या गाडीवर ती उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवून बसायची आणि खड्डा आला की तिची नखं शर्टातून आत जायची. “अगं, शिवण उसवेल,” असं ते कितीदा तरी म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली हॉर्न वाजला. “माझ्या कमरेला तेवढाच आराम,” असं म्हणत बायको जिना उतरून गेली. काटेसाहेब बाल्कनीत झाडाला पाणी घालायच्या निमित्ताने उभे राहिले. खालून साडूचा आवाज आला, “नीट बसलीस ना?” त्या तीन शब्दांत वावगं काहीच नव्हतं. तरीही कुंडीतून पाणी वाहून खालच्यांच्या गादीवर पडेपर्यंत काटेसाहेब पाणी घालत राहिले.

खरं दुःख गाडीचं नव्हतंच. घरात दोघांच्या मध्ये सतत काहीतरी असायचं. मुलीचा अभ्यास असायचा, सासूबाईंचा फोन असायचा, शिजणारं काहीतरी असायचं. सकाळी गाडीवर मात्र मध्ये काही नसायचं. ती मागून कानाशी बोलायची, त्यातलं निम्मं वाऱ्यावर जायचं आणि उरलेल्या निम्म्याला ते “हो ना” म्हणायचे. दिवसभरात दोघं नवराबायको असायचे ते तेवढ्याच वेळात. ती मागची सीट आता रिकामी राहू लागली होती, आणि रिकाम्या सीटची गाडी खड्ड्यात नको तितकी खडखडायची.

गाडी मऊ करायची, असं त्यांनी ठरवलं.

तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. निवृत्तीनंतर त्यांचे विद्यार्थी सुटले होते, वर्ग सुटला नव्हता. काटेसाहेब गाडीकडे पाहत उभे आहेत एवढं दिसताच ते बाहेर आले.

“हवा,” ते म्हणाले. “चाकांत हवा जास्त आहे. अंगठा लावून बघा. दगड आहे दगड. निम्मी सोडा.”

काटेसाहेबांनी निम्मी सोडली. गाडी मऊ झाली यात वाद नाही. पण वळण आलं की ती आधी विचार करायची आणि मग वळायची. मोठ्या चौकात ती इतकी डोलली की वाहतूक पोलिसाने शिट्टी मारून बाजूला घेतली आणि तोंडासमोर फुंकायचं यंत्र धरलं.

“अहो, मी घेत नाही. हवा कमी आहे.”

“फुंका.”

इथे फुंकून मोकळं व्हायचं की नाही? पण काटेसाहेबांचा स्वाभिमान आधीच दुखावलेला होता. “या यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली?” त्यांनी विचारलं. “मोजायचं कुठलंही साधन तपासणीशिवाय वापरता येत नाही. मी त्याच खात्यात आहे.” पोलीस म्हणाला, मग तर साहेबांनाच बोलावतो. साहेब आले, त्यांनीही फुंका म्हटलं. शेवटी फुंकावं लागलंच, आणि तोवर ऑफिसला जाणाऱ्या ओळखीच्या सगळ्यांनी काटेसाहेबांना यंत्र तोंडाला लावलेलं पाहून घेतलं. त्यात चष्मेवाला साडूही होता. त्याच्या मागे बायको बसली होती. तिने हात केला, इतकी ती निवांत बसली होती.

मग ते गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाला स्वतःवर फार खूश असलेला माणूस होता. त्याने आधी चाकांत पूर्ण हवा भरली, हवा सोडायचा सल्ला देणाऱ्याचा उद्धार केला, आणि मग मागे वाकून हसायला लागला.

“साहेब, तुम्ही रोज मागे पोती घालून फिरता का? दोन्ही शॉकअप सगळ्यात कडक खाचेवर आहेत.”

गाडी जुनी घेतलेली होती. आधीचा मालक बेकरीवाला होता, पावाचे क्रेट रचून न्यायचा. शॉकअपच्या स्प्रिंगखाली पायऱ्यापायऱ्यांची एक चकती असते. ती आकड्याच्या, म्हणजे टोकाला वाकडी नखी असलेल्या, पान्याने फिरवली की स्प्रिंग कडक किंवा मऊ होते. बेकरीवाल्याने ती शेवटपर्यंत फिरवून ठेवली होती आणि बायको इतकी वर्षं पावांच्या हिशेबाने बसत आली होती.

“सोपं आहे,” गॅरेजवाला म्हणाला. “तुम्ही दोघं गाडीवर बसायचं. गाडी मागून किती दबते ते मी मोजतो. शॉकअप एकूण जितके दबू शकतात त्याच्या साधारण एक तृतीयांश दबली की झालं. कमी दबली तर हाडं खिळखिळी होतात, जास्त दबली तर खड्ड्यात बूड टेकतं आणि गाडी हातातून जाते. वहिनींना घेऊन या.”

वहिनी म्हणाल्या, “चौकात, गॅरेजसमोर, उभ्या गाडीवर मी बसून राहू आणि तो माणूस मागे वाकून मोजणार? दवाखान्यातले निम्मे पेशंट तिथून जातात.”

“मग खाली पार्किंगमध्ये. मी मोजतो.”

“पार्किंगमध्ये तर दवाखान्यापेक्षा जास्त ओळखीचे लोक आहेत.”

काटेसाहेबांना यावर मार्ग सुचला आणि तो त्यांच्या खात्याला शोभेल असा होता. माणसं नसतील तर माणसांच्या वजनाचं काहीतरी बसवायचं. न्हाणीघराच्या दाराशी घरातला वजनकाटा होता. तो त्यांनी पुढे ओढला आणि बायकोला उभं राहायला सांगितलं. ती मोठ्या तोऱ्यात उभी राहिली. “बघा,” ती म्हणाली. मग तेही उभे राहिले. दोन्ही आकडे ऐकायला बरे वाटतील असेच होते. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून त्यांनी वाळू आणली आणि ऑफिसच्या काट्यावर, ज्यावर अख्खं गाव विश्वास टाकतं, दोन पोती काटेकोर मोजून भरली. एक पोतं त्यांचं, एक बायकोचं.

आता राहिले सेक्रेटरी. इमारतीच्या कमिटीचा नियम होता की पार्किंगमध्ये गाडीची दुरुस्ती करायची नाही.

“ही दुरुस्ती नाही,” काटेसाहेब म्हणाले. “गाडी बिघडलेलीच नाही. फक्त जुळवणी आहे.”

“जुळवणीबद्दल नियमच नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

“मग झालं तर.”

“नियम नाही म्हणजे परवानगी कशाखाली देणार? अर्ज करा. आणि वाळूची पोती कशासाठी, तेही लिहा.”

काटेसाहेबांनी बराच विचार करून ‘कौटुंबिक कारणासाठी’ असं लिहिलं. आयुष्यभर लोकांचे अर्ज अपुऱ्या कारणासाठी परत पाठवणाऱ्या माणसाला आपला अर्ज मंजूर होईपर्यंत सेक्रेटरींच्या दारात ताटकळावं लागलं. परवानगी मिळाली ती अशी, की रविवारी, सेक्रेटरींच्या देखरेखीखाली, वाळू न सांडता.

रविवारी बायको बहिणीकडे गेली होती. पुढचं पोतं शहाण्यासारखं बसलं. मागचं मात्र एका बाजूला कलायला लागलं, तेव्हा ते बायकोच्या जुन्या स्कार्फने बांधावं लागलं. काटेसाहेब कामाला पक्के. हेल्मेटचंही वजन असतंच, म्हणून त्यांनी तिचं हेल्मेट पोत्याच्या डोक्यावर चढवलं. मुख्याध्यापक फूटपट्टी घेऊन मागे उकिडवे बसले. सेक्रेटरी हाताची घडी घालून देखरेख करत होते. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या भरल्या होत्या. पान्याने चकती एकेक खाच मागे घेत काटेसाहेब मऊ टोकाकडून दुसऱ्या खाचेवर आले आणि मुख्याध्यापक म्हणाले, “बरोब्बर एक तृतीयांश.”

नेमक्या त्याच वेळी साडूची गाडी फाटकातून आत आली. आवाज न करता आली, हेही लागलंच. बायको मागे बसली होती. साडूने हेल्मेटची काच वर करून पाहिलं.

“साडूभाऊ,” तो म्हणाला, “आमच्या मेहुणीच्या जागी कुणाला बसवलंत?”

बायको उतरली. तिने आपला स्कार्फ पाहिला, आपलं हेल्मेट पाहिलं आणि मग त्या दोहोंच्या मधलं पाहिलं.

“एवढी दिसते मी?”

“दिसण्याचं सोडा हो,” मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले, “वजन तंतोतंत आहे.” आणि मदत व्हावी म्हणून त्यांनी ते किलोसकट सांगितलं. पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. बायको तडक जिना चढून गेली. साडू मात्र बराच वेळ थांबला होता आणि पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होता.

सोमवारी मोठ्या मिनतवारीने ती गाडीवर बसली. “आज बघच,” काटेसाहेब म्हणाले. पहिला खड्डा कळलाच नाही. दुसराही नाही. काटेसाहेबांची छाती फुगली. दवाखान्याच्या रस्त्यावर, साडूच्या दुकानासमोर एक उंच गतिरोधक होता. साडू नुकताच शटर वर करत होता, त्याने पाहावं म्हणून काटेसाहेबांनी वेग जरा राखला. पुढचं चाक सुरेख वर गेलं, सुरेख खाली आलं. मागचं खाली आलं ते येतच राहिलं. आतून खण्णकन आवाज झाला, मडगार्ड चाकाला घासलं, गाडी शेपटी हलवल्यासारखी दोन्हीकडे गेली आणि कशीबशी उभी राहिली. बायकोची जीभ दाताखाली आली होती. साडू पाणी घेऊन धावत आला.

“फारच मऊ झालेत शॉकअप,” तो म्हणाला. वाईट म्हणजे तो हे सहानुभूतीने म्हणाला.

बायको उरलेला रस्ता चालत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली हॉर्न वाजला, आणि या वेळी काटेसाहेबांना बाल्कनीत जायचंही धाडस झालं नाही.

चुकलं काय, हे त्यांना कळेना. पोती खरी होती. फूटपट्टी खरी होती. हिशेब त्यांनी तीनतीनदा तपासला. संशय घ्यायला एकच जागा उरली होती, पण तिकडे बघायला त्यांचं मन धजत नव्हतं. अखेर त्यांनी ऑफिसातलं वीस किलोचं प्रमाणित वजन बाहेर न्यायची परवानगी मागितली. वरिष्ठांनी विचारलं कशासाठी. “एका काट्याबद्दल तक्रार आहे,” काटेसाहेब म्हणाले. ते खोटं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी ते वजन न्हाणीघराच्या दाराशी काट्यावर ठेवलं. वीस किलोचं ते लोखंड बारा किलोच भरलं.

त्यांनी काटा उलटा केला. खाली शून्य जुळवायची चाकी असते, ती डावीकडे चांगलीच फिरवलेली होती. गावभरचे खोटे काटे जप्त करणाऱ्या माणसाच्या घरातला काटा खोटा निघाला होता. म्हणजे दोन्ही पोत्यांत मिळून सोळा किलो माणूस भरायचा राहून गेला होता.

“हा जप्त करावा लागेल,” ते दारात उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले.

बायकोने भाजी करपल्यासारखं तोंड केलं. “थोडा मी फिरवला होता,” ती म्हणाली. “ताई राहायला येणार होती ना, तेव्हा. ती आली की आधी काट्यावर चढते आणि मग मला चढ म्हणते.”

“थोडा?”

“अगदी थोडा. निम्माही नसेल.” तिने काट्याकडे पाहिलं. “बाकीचा कुणी फिरवला?”

काटेसाहेब पंख्याकडे बघू लागले. साडू एकदा या काट्यावर उभा राहून, “अरे वा, अजून तेवढंच,” असं म्हणून गेला होता. तो गेल्यावर त्याच संध्याकाळी कुणीतरी खाली वाकलं होतं.

“भावोजींमुळे?” बायकोने विचारलं.

“तू ताईंमुळे फिरवलास, तर मी…” त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही, कारण बायको दाराच्या चौकटीला टेकून हसत होती. जीभ अजून दुखत असल्यामुळे ती एका बाजूने हसत होती. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्यामुळे हसत होती, म्हणून काटेसाहेबांनी तिला हसू दिलं आणि मग तेही हसले.

“चला,” ती म्हणाली, “रविवारी दुपारी सगळे झोपले की मी बसते. पण मोजायला ते मुख्याध्यापक चालतील. आकडा त्यांना कळलाच आहे, आणि तो कमी होता हे कळलं नाही तर बरं.”

त्या दुपारी दोघं उभ्या गाडीवर, हेल्मेट घालून, कुठेही न जाता बसले. मुख्याध्यापकांनी मापं घेतली आणि काटेसाहेबांनी उतरून दोन्ही बाजूंची चकती सारख्याच खाचेवर आणली. तिसरी खाच निघाली. “पोत्यापेक्षा जास्त दबतेय,” मुख्याध्यापक पुटपुटले, पण हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही असं दोघांनी ठरवून टाकलं.

आणि गाडी चालली. खड्डे खालच्या खाली जिरले. साडूच्या दुकानासमोरचा गतिरोधक त्यांनी मुद्दाम दोनदा ओलांडला. साडू काचेआडून पाहत होता. “पोटातलं पाणी हलत नाही हो,” बायको म्हणाली. त्या दिवशी काटेसाहेबांनी बाजारात एका भाजीवाल्याला केवळ समज देऊन सोडलं.

सकाळचे हॉर्न बंद झाले. मागची सीट भरली. आता सुखाने दिवस काढायचे, एवढंच काम उरलं होतं.

पण दोनचार दिवसांत काटेसाहेबांना काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. गाडी सरळ जात होती, ब्रेक नीट लागत होते, हवा भरलेली होती. मग त्यांनी आरशात पाहिलं. बायको मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून दुकानांच्या पाट्या वाचत बसली होती. गतिरोधक आला, गेला. तिचे हात पिशवीवरच राहिले. बोलायला पुढे झुकावं लागतं तशी ती झुकलीही नाही, कारण धक्का नसल्यामुळे तिला पुढे यायचं कारणच पडत नव्हतं. काटेसाहेबांनी एक खड्डा शोधून काढला. मग त्याहून मोठा शोधला. खांद्यावर काही आलं नाही. शर्टाची शिवण शाबूत होती आणि तिच्यात त्यांना काडीचाही रस उरला नव्हता. साडूच्या गाडीची जी तारीफ ऐकून त्यांनी एवढा खटाटोप केला होता, ती अखेर त्यांच्या वाट्याला पुरेपूर आली होती. धरावंच लागत नव्हतं.

शनिवारी साडू घरी आला. एरवी तो आला की काटेसाहेब त्याच्या केसांकडे बघून घ्यायचे. या वेळी साडूच अवघडून खुर्चीच्या टोकावर बसला होता, आणि इथलीही हाताची खुर्ची समोर रिकामी होती. बायको आत चहाला गेल्यावर तो हळूच म्हणाला, “साडूभाऊ, तो तुमचा आकड्याचा पाना आहे ना? जरा देता का?”

“तुम्हाला कशाला? तुमची तर लोण्यासारखी चालते.”

“हो. म्हणूनच.” साडूने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. “एखाद्या खाचेने कडक करावी म्हणतो.”

“कडक?”

“तुमच्या ताई मागे बसतात आणि मोबाइल बघतात हो. परवा सिग्नलला त्या उतरून भाजी घ्यायला गेल्या, मला पुढच्या चौकात कळलं.” त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. “जुन्या गाडीवर मानेपाशी कॉलर धरून बसायच्या. गळा आवळायचा. तेव्हा मी ओरडायचो.”

काटेसाहेबांनी साडूकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचे केस त्यांना विरळ वाटले, आणि त्याचा आनंद झाला नाही.

“देतो,” ते म्हणाले. “पण आधी मला लागणार आहे.”

साडूने मान हलवली आणि हाताची खुर्ची काटेसाहेबांकडे सरकवली.

सोमवारी सकाळी गाडी चौथ्या खाचेवर होती. एकच खाच, दोन्ही बाजूंना सारखी. काटेसाहेबांनी वेग आवरता ठेवला होता. साडूच्या दुकानासमोरचा गतिरोधक आला, मागचं चाक किंचित उसळलं आणि खांद्यावर हात पडला. नखं शर्टातून आत गेली. काटेसाहेबांनी श्वास रोखून धरला. रस्ता पुन्हा सपाट झाला तरी हात तिथेच होता.

“अहो,” बायको कानाशी येऊन म्हणाली, “गाडीला परत हात लावलात का?”

“नाही बुवा. रस्ताच खराब आहे.”

तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि हाताची पकड जरा सारखी केली.

“बरं,” ती म्हणाली. “आता याच्यापुढे मात्र लावू नका. अशीच ठीक आहे.”